अपुऱ्या घराचा धर्म

एखादी वास्तू उभी राहिली म्हणजे तिचे कर्तेपण कोणाकडे जाते, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याचा किंवा कलासमीक्षेचा वाटतो. परंतु थोडे खोल पाहिले तर तो धर्मविचाराचा प्रश्न आहे, असे दिसून येते. जमीन ज्याची, पैसा ज्याचा, आराखडा ज्याचा, घाम ज्याचा आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात वास ज्याचा, अशा पाच जणांचा हक्क एकाच इमारतीला चिकटलेला असतो. आणि या पाचांपैकी कोणाचा शब्द अखेरचा मानावयाचा, यावर त्या समाजाची न्यायबुद्धी कोणत्या पायरीला आहे ते ठरते. आजवरच्या इतिहासात पहिल्या दोघांची नावे शिलालेखावर कोरली गेली, तिसऱ्याचे नाव क्वचित उरले, चौथ्याचे कधीच उरले नाही, आणि पाचव्याला तर काही विचारावयाचे असते हेही कोणाच्या मनात आले नाही. लोकसत्ताक राज्यात मात्र हा पाचवा मनुष्य मतदार झालेला असतो. त्याच्या मताला राज्यसभागृहात किंमत असावी आणि त्याच्या स्वतःच्या ओसरीत नसावी, हा विरोध जोवर मिटत नाही तोवर लोकशाही ही कचेरीतली गोष्ट राहील, ती घरातली होणार नाही.

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार केलाच नाही, असे म्हणता येणार नाही. मत्स्यपुराणात वास्तुपुरुषाची कथा आहे. अंधकासुराशी झालेल्या युद्धात शंकराच्या घर्मबिंदूंतून एक भयंकर भूत उत्पन्न झाले आणि ते त्रैलोक्य गिळू लागले, तेव्हा देवांनी त्याला भूमीवर पाडले व त्याच्या एकेका अवयवावर एकेक देव बसला. मग त्या दबलेल्याने याचना केली, आणि घर बांधणाऱ्याने आधी त्याला बली अर्पण करावा, असा नियम ठरला. वास्तुशांतीच्या वेळी आपण जो विधी करतो त्याचे मूळ या कथेत आहे. माझ्या मते या कथेत एक गंभीर नैतिक सत्य साठवलेले आहे: कोणतेही बांधकाम कोणाला तरी खाली दाबूनच वर येते, आणि ज्याला दाबले त्याचे ऋण बांधणाऱ्याच्या माथी राहते. पुरोहिताला दक्षिणा देऊन हे ऋण फिटले असे मानणे सोयीचे असले, तरी कथेचा आशय त्याहून कठोर आहे.

या सत्याच्या शेजारीच आपल्या ग्रंथांत दुसरीही एक व्यवस्था सांगितलेली आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करून वास्तुविद्येचा गौरव करणे अप्रामाणिक ठरेल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुर्गनिवेशाच्या प्रकरणात ब्राह्मणांना उत्तर, क्षत्रियांना पूर्व, वैश्यांना दक्षिण आणि शूद्रांना पश्चिम दिशा नेमून दिली आहे, आणि चांडालांची वस्ती स्मशानाच्या कडेला ठेवली आहे. आमच्या गावगाड्याने हीच रीत आपल्या परीने चालवली: पाटलाचा वाडा, देऊळ आणि चावडी गावाच्या मध्यभागी, आणि ज्यांच्या श्रमावर गावाचा कारभार चालला त्यांचा वाडा मात्र वेशीबाहेर. जातीचा विचार आपण विवाहाच्या, अन्नाच्या आणि व्यवसायाच्या संबंधात नेहमी करतो. परंतु जात हा एक नकाशाही आहे, तो सुताराच्या ओळंब्याने आणि गवंड्याच्या थापीने शतकानुशतके प्रत्यक्ष जमिनीवर काढला गेला आहे, ही गोष्ट पुरेशा स्पष्टपणे बोलली जात नाही. ज्याने कोणताही ग्रंथ वाचला नाही त्यालाही आपली जागा कोणती हे गावातून चालताना कळत असे, कारण रस्ता, विहीर, पायरी आणि भिंत हेच त्याचे ग्रंथ होते.

म्हणूनच महाराष्ट्रातील समतेच्या चळवळी जेव्हा वादविवादाच्या व्यासपीठावरून खाली उतरल्या, तेव्हा त्या प्रत्येक वेळी एखाद्या वास्तूपाशी येऊन उभ्या राहिल्या. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला, पण ठराव दफ्तरात राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह त्या तळ्याच्या काठी गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा तो ठराव खऱ्या अर्थाने अमलात आला, आणि त्यावरचा न्यायालयीन वाद निकालात निघण्यास १९३७ चा मार्च उजाडावा लागला. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारांपुढे सत्याग्रह झाला. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर आहे. त्यांच्या अभंगांना वारकऱ्यांनी शतकानुशतके कंठात स्थान दिले, पण त्यांच्या जातिबांधवांना ती पायरी ओलांडता यावी म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. काठ, दार, पायरी, हौद: समतेचा लढा या चार शब्दांत सांगता येतो. माणसांची मने बदलली की इमारती आपोआप बदलतात, असे ज्यांना वाटते त्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा. येथे आधी पाऊल पडले, दार नंतर उघडले, आणि मने तर अद्यापही पुरती उघडलेली नाहीत.

महाडच्या सत्याग्रहाला पाच महिने होतात न होतात तोच, २६ ऑगस्ट १९२७ रोजी, पुण्यात बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी यांचा जन्म झाला. लाकडी सामानाचा व्यवसाय करणाऱ्या एकत्र कुटुंबात ते वाढले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी वास्तुविद्या शिकण्यास आरंभ केला. पुढे पॅरिसला जाऊन ल कॉर्बुझिए या थोर वास्तुशिल्पज्ञाच्या कार्यशाळेत काम केले, आणि त्याच्या अहमदाबादेतील इमारतींवर देखरेख करण्यासाठी ते स्वदेशी परतले. २०१८ मध्ये त्यांना प्रिट्झ्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि २०२३ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या कीर्तीची ही बाह्य चौकट सर्वांना परिचित आहे. मला येथे त्यांचा विचार करावयाचा आहे तो वास्तुशिल्पज्ञ आणि अध्यापक ही दोन्ही व्रते एकाच आयुष्यात सांभाळणारा मनुष्य म्हणून. कारण कर्तेपणाच्या प्रश्नाचे जे उत्तर त्यांनी आपल्या कामातून दिले, त्याची बीजे त्यांच्या अध्यापनात सापडतात.

अहमदाबादेत १९६२ मध्ये जे वास्तुविद्यालय स्थापन झाले त्याचे दोशी हे संस्थापक-संचालक होते, आणि त्याची इमारतही त्यांनीच रचली. विटांच्या उघड्या भिंती, उत्तरेकडून आत येणारा सौम्य प्रकाश, एकमेकांत मिसळलेली कार्यदालने, आणि इमारतीच्या पोटाखाली मोकळी सोडलेली अशी जागा की जिथे कोणी कोणालाही विचारल्याशिवाय बसावे, वाद घालावा, ऐकावे. शिक्षणसंस्थेची इमारत ही तिथला पहिला धडा असतो. उंच चौथऱ्यावर बसलेला गुरू आणि खाली रांगेत बसलेले शिष्य अशी रचना असेल, तर पाठ्यपुस्तकात समतेवर कितीही परिच्छेद असले तरी विद्यार्थी शिकतो ते आज्ञापालनच. आणि हाच विद्यार्थी पुढे नगररचनेच्या कचेरीत बसला म्हणजे रयतेकडून आज्ञापालनाचीच अपेक्षा करतो. दार नसलेल्या शाळेत शिकलेला मनुष्य भिंती घालण्यापूर्वी निदान एकदा थबकेल, ही आशा त्या रचनेच्या मुळाशी असावी. अध्यापकाचा धर्म असा आहे की त्याने दिलेली विद्या शिष्याच्या हाती गेल्यावर तिच्यावर अध्यापकाची मालकी उरत नाही. शिष्य ती वाढवतो, मोडतो, कधी उलटीही वापरतो. ज्याने हा त्याग वर्गात रोज केला आहे, त्याला तो इमारतीच्या बाबतीतही करता येतो.

अहमदाबादेत आयुर्विमा महामंडळासाठी दोशींनी १९७३ च्या सुमारास जी वसाहत उभारली तीत एकाच जिन्याभोवती तीन आर्थिक स्तरांतील कुटुंबांची घरे रचलेली आहेत: तळाला मोठे घर, त्यावर मध्यम, आणि सर्वांत वर लहान, परंतु लहान घराला मोकळी गच्ची अशी की कुटुंब वाढले म्हणजे घरही वाढावे. पुढील काही दशकांत रहिवाशांनी तसे केलेच. गच्च्या बंदिस्त झाल्या, खोल्या वाढल्या, मूळ आराखड्याची रेखीव आकृती अनेक ठिकाणी ओळखू येईनाशी झाली. आपल्या कृतीत असा फेरफार झालेला पाहून कित्येक कलावंतांना तो अपमान वाटला असता. दोशींनी त्यात आपल्या हेतूची सिद्धी मानली.

याच विचाराचा पूर्ण विस्तार इंदूरजवळच्या अरण्य या वसाहतीत दिसतो. इंदूर विकास प्राधिकरणासाठी १९८० नंतरच्या दशकात योजलेली ही वसाहत सुमारे ८५ हेक्टरांवर पसरलेली असून तीत साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड आहेत, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखलेले होते. सर्वांत लहान भूखंड पस्तीस चौरस मीटरांचा. त्या भूखंडावर तयार घर दिले गेले नाही. दिले गेले ते जोते, संडास-न्हाणी, पाण्याचा नळ, विजेची जोडणी आणि ऐपतीप्रमाणे एखादी खोली. बाकीचे घर कुटुंबाने आपल्या कमाईच्या गतीने, आपल्या आवडीच्या जिन्याचे, सज्जाचे आणि रंगाचे बांधावयाचे होते. कसे बांधता येईल हे दाखविण्यापुरती काही नमुन्याची घरे वास्तुशिल्पज्ञाने उभी करून दिली, आणि मग तो बाजूला झाला. या कामाला पुढे आगा खान पुरस्कार मिळाला.

मात्र अरण्यातील जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती एकेका घरात नसून एकंदर रचनेत आहे. वसाहतीचे सहा विभाग आहेत, आणि प्रत्येक विभागाच्या मध्यभागी गरिबांचे भूखंड असून मध्यम व वरच्या उत्पन्नाचे भूखंड कडेने आणि मुख्य रस्त्याच्या बाजूने आहेत. दुर्गनिवेशाच्या नकाशात जो स्मशानाजवळ होता, गावगाड्याच्या नकाशात जो वेशीबाहेर होता, तो येथे मध्यभागी आला. त्याच्या मुलांना खेळावयास चौक आहे, आणि त्याच्या गल्लीतून जाण्यास कोणाच्या परवानगीची दरखास्त करावी लागत नाही. दोन हजार वर्षांच्या नकाशाचे उत्तर नकाशानेच द्यावे लागते. उपदेशाने ते देता आलेले नाही.

येथे कर्तेपणाच्या मूळ प्रश्नाकडे वळणे शक्य होते. ईशावास्य उपनिषदाने सर्व जगत् ईश्वराने व्यापलेले आहे असे सांगून त्यागपूर्वक भोगाचा मार्ग दाखवला, आणि गीतेने कर्म सोडू नये, त्याच्या फळावरचा हक्क सोडावा, असा निवाडा दिला. या दोन्ही विचारांना आपण सहसा व्यक्तीच्या मोक्षाच्या संदर्भात वापरतो. परंतु त्यांचे एक सामाजिक अंगही आहे. वास्तुशिल्पज्ञ ज्या क्षणी आपली कृती अपुरी ठेवतो आणि तिची पूर्ती अनोळखी कुटुंबाच्या हाती सोपवतो, त्या क्षणी तो फलत्यागाचे एक सार्वजनिक रूप आचरत असतो. परिपूर्ण इमारतीत रहिवासी हा पाहुणा असतो, अपुऱ्या इमारतीत तो सहकर्ता होतो. आणि ज्याने आपल्या घराची एक तरी भिंत स्वतःच्या निर्णयाने उभी केली आहे, तो मनुष्य नगरपालिकेच्या सभेत वेगळ्या ताठ मानेने उभा राहतो, अशी माझी श्रद्धा आहे.

हा विचार केवळ भारतातच सुचला असे नाही. इटलीतील अध्यापक-वास्तुशिल्पज्ञ ज्यानकार्लो दे कार्लो याने तेर्नी येथील पोलाद-कारखान्याच्या कामगारांसाठी १९६९ पासून जी वसाहत योजली, तिच्या आराखड्याची चर्चा त्याने खुद्द कामगारांशी केली, आणि ही चर्चा पगारी कामाच्या वेळातच झाली पाहिजे असा आग्रह धरला. कारण दिवसभर राबून थकलेल्या माणसाला रात्री मत विचारणे म्हणजे त्याला न विचारण्यासारखेच आहे. दोशींनी रहिवाशाला पूर्ती करण्यास मोकळीक दिली, दे कार्लोने त्याला आरंभीच बोलावले. दोन्ही मार्गांच्या मुळाशी एकच भाव आहे: ज्याला राहावयाचे आहे त्याची बुद्धी ही बांधकामाच्या साहित्याइतकीच आवश्यक आहे.

परंतु या विचारावर दोन आक्षेप येतात, आणि ते दोन्ही बळकट आहेत. पहिला असा की अपुरे घर ही गरिबाची फसवणूक होऊ शकते. सरकारने जोते बांधून हात झटकावेत, बाकीचा भार मजुराच्या रोजंदारीवर टाकावा, आणि त्याला स्वावलंबन असे गोंडस नाव द्यावे, असे घडण्याचा धोका उघड आहे. याचे उत्तर त्यागाच्या व्याख्येतच आहे. जे आपल्याजवळ आहे ते सोडणे हा त्याग, आणि जे देणे लागतो ते न देणे ही चुकवाचुकवी. जमिनीची पक्की सनद, पाणी, सांडपाण्याची निर्गत, रस्ता आणि हप्त्यांची माफक तजवीज ही राज्याची देणी आहेत. त्यांत एक कवडी कमी झाली, तर उरलेल्या स्वातंत्र्याला अर्थ राहत नाही. आणि हे देणे भूखंडापाशी सुरू होत नाही, ते जमीन घेतली जाते तिथपासून सुरू होते. चार्ल्स कोरिया यांनी १९८० नंतरच्या त्याच दशकात नवी मुंबईत बेलापूर येथे अंगणांभोवती घरांचे पुंजके रचले, भूखंड जवळजवळ समान ठेवले, शेजाऱ्याच्या परवानगीवाचून घर वाढवता यावे म्हणून सामाईक भिंती टाळल्या. रचना म्हणून हे काम अरण्याच्या तोडीचे आहे. पण ज्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर ते नवे शहर उभे राहत होते त्यांना न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन करावे लागले, आणि १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. वास्तुपुरुषाच्या कथेतील ऋण हेच. समतेच्या अंगणाखालीही कोणाचे तरी शेत असते, आणि त्याचा हिशेब चुकता केल्यावाचून ते अंगण समतेचे होत नाही.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. रहिवाशाच्या इच्छेला अखेरचा शब्द द्यावयाचा, तर रहिवासी जे मागतील ते सर्व मान्य करावयाचे काय? ते फाटक मागतील, पहारेकरी मागतील, अमुक जातीच्या किंवा धर्माच्या कुटुंबाला घर देऊ नये असा ठराव करतील, मांसाहार करणाऱ्याला भाड्याने खोली मिळू नये असे ठरवतील. आमच्या शहरांतील कित्येक गृहसंस्थांत हे उघडपणे घडते, आणि ते बहुमताने घडते. चवदार तळ्याच्या काठी त्या दिवशी मते मोजली असती तर तळे बंदच राहिले असते. यावरून मला असे वाटते की वास्तूच्या बाबतीत लोकशाही म्हणजे केवळ लोकेच्छा नव्हे. राज्यघटनेने जसे काही हक्क बहुमताच्या आवाक्याबाहेर ठेवले आहेत, तसाच वसाहतीचाही एक भाग असा असावा की तो कोणालाही, बहुमतालाही, बंद करता येऊ नये. रस्ता, पाणी, चौक, शाळा, बाग आणि देवळाची पायरी हा तो भाग होय. आणि भिंत, खिडकी, मजला, रंग, अंगणातली तुळस हा दुसरा भाग, जो पूर्णपणे रहिवाशाचा. वास्तुशिल्पज्ञाने दुसऱ्या भागावरचा हक्क निःशंकपणे सोडावा, आणि पहिल्या भागासाठी, वेळ पडली तर आपल्या यजमानाशी आणि सरकारशीही, भांडावे. अरण्याचे खरे मर्म या विवेकात आहे: घर अपुरे ठेवले, पण गल्ली अपुरी ठेवली नाही.

हा विवेक शिकवण्याची जबाबदारी अध्यापकांची आहे, पण तो टिकवण्याची जबाबदारी त्यांच्या एकट्याची असू शकत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध करून तिच्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. मुंबईच्या प्रारूप योजनेवर २०१५ मध्ये हजारो हरकती आल्या, आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ती योजना मागे घेऊन पुन्हा तयार करण्याचा हुकूम शासनाला द्यावा लागला. म्हणजे पाचव्या माणसाच्या हाती आज काहीच नाही, असे नाही. ज्या हक्काचा वापर होत नाही तो मात्र दफ्तरात पडून महाडच्या ठरावासारखा निर्जीव होतो. आपल्या गावाचा, आपल्या शहराचा विकास आराखडा जेव्हा प्रसिद्ध होईल तेव्हा वाचकांनी नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन तो उघडून पाहावा. आपल्या घरावरून रस्ता जातो की नाही एवढेच पाहून परतू नये. त्यात कोणाची वस्ती कडेला लोटली आहे, कोणते मैदान नाहीसे झाले आहे आणि कोणत्या गल्लीला पाणी दाखवलेले नाही, हे शोधावे, आणि ती हरकत, ती वस्ती आपली नसली तरी, आपल्या सहीने नोंदवावी.